मुबारकबीची बडबड

तुमचं मूल शहाणं म्हणजे काय हो? गप्प पडून राहतं, एवढंच ना?

मग लढाईच्या, रेशनच्या त्या दिवसांत आमच्या नगरच्या एका विडी कारखान्यातली पोरं साऱ्या जिल्ह्यात शहाणी. आया विड्या वळायच्या, पोरं शेजारी गोणपाटावर. सकाळी अफूची बाळगोळी चाटवली की दिवसभर हूं नाही की चूं नाही. मुकादम भिमाजी खूश. "पोरं असावीत तर अशी!"

तिथल्याच कडूबाईचा गहिनीनाथ दोन वर्षं उलटली तरी 'आई' म्हणेना. तिनं जिभेला वेखंड घासलं, चिमणीचं उष्टं पाणी पाजलं, म्हसोबाला नारळ बोलली. गोळीचं कुणाच्या मनातही आलं नाही.

शेजारची मुबारकबी बांगड्या भरायची. महाफटकळ बाई. एक दिवस कडाडली, "अगं शहाणे, निजलेलं पोर बोलंल कुनाशी, सपनाशी? दे हिकडं. आन् ती गोळ्यांची डबी ठिव तुझ्यापाशी."

सगळे उपाय थकले होते. कडूबाईनं पोर दिलं.

मग मुबारकबीच्या ओट्यावर तोंडाचा पट्टा सुरू. "काय नवाबसाहेब, ही बांगडी हिरवी का लाल? बोला की!" विचारायची आणि खरंच थांबायची, त्याच्या तोंडाकडं बघत. त्यानं नुसतं 'अँ' केलं तरी "व्हय का? मलाबी तसंच वाटलं," म्हणून पुढं चालू. पावसाळा सरता सरता पोरगं म्हणालं, "लाल." बांगडी हिरवी होती. मुबारकबी त्यावरूनही भांडली.

दिवाळीला तो 'आई, ह्ये काय?' करत सुटला. कडूबाईनं म्हसोबाला नारळ फोडला.

"घसा माझा सुकला, नारळ त्याला!" मुबारकबी म्हणाली.

पुढं ती काही दिवस लेकीकडं, राहाता गावी गेली. कडूबाईनं पोर कारखान्यात नेलं. ते दिसेल त्याला 'ह्ये काय?' विचारू लागलं. भिमाजी खेकसला, "गप कर त्याला, न्हाईतर उद्यापासून घरीच बस."

पोट सगळ्यांनाच असतं. कडूबाईनं डबी उघडली.

मुबारकबी परतली तर पोर पेंगलेलं. हाका मारल्या, गालावर थापट्या मारल्या. डोळा वर करीना. ती डबी घेऊन तडक कारखान्यात गेली आणि भिमाजीपुढं आपटली. "घ्या मुकादम, तुमच्या नातवाला चाटवा. लई शहाणा हुईल!"

भिमाजीचा चेहरा पडला. नातवाला? छे! त्याचा नातू बोलायला हवा होता.

गहिनीनाथ पुन्हा ओट्यावर आला. तो पुन्हा बोलता होईतो उन्हाळा उजाडला.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, आमची भाषणं राहू द्या. घरात तान्हं असेल तर आज त्याला काहीतरी विचारा, आणि ते उत्तर देईपर्यंत तेवढं तोंड मिटून थांबा.