लेकीच्या हातांची आग

मी चौथीच शिकले, म्हणून चुका आणि वाकडं अक्षर चालवून घ्या.

आज मोरीत ॲसिड ओतलं आणि त्या वासाने दुबईतल्या देऱ्यातला टेलिफोन बूथ आठवला. मी तिथे लोकांच्या घरी साफसफाई करायचे. लेक स्पेनला शिकत होती. शिकता शिकता लायब्ररीत काम करते, असं सांगायची.

त्या दिवशी फोनवर म्हणाली, "आई, ॲसिडने हात सोलले तर तू काय लावतेस गं?"

"खोबरेल. कुणाचे सोललेत?"

"मैत्रिणीचे."

"हातमोजे घाल म्हणावं तिला." एवढंच बोलले.

हात तिचेच, हे कळलं होतं; तेव्हा वाटलं, खोटं न उघडता तिचं मन राखलं. आता वाटतं, 'परत ये' म्हणायचं होतं. पण फीसाठी शेजारच्या फातिमाबींकडून सहा हजार दिरहम उसने घेतले होते.

ते लेकीनेच फेडले, सगळे.