एकदाणीचा सौदा आणि रुमालाखालचा हात

मी गणित शिकवते. मेहकरला, आठवी ते दहावी. वर्गात कुणी ‘मॅडम, आमच्या शेताच्या धुऱ्यावर काहीतरी दिसते’ असं म्हणालं की मी त्याला फळ्यापाशी बोलावून एक लांबलचक उदाहरण सोडवायला देते. उदाहरण संपेपर्यंत धुऱ्यावरचं गायब होतं. देव मानते, पण तेवढंच. भूत, करणी, अंगात येणं या सगळ्याला माझ्या घरात जागा नाही. त्यामुळे हे लिहायला मीच बसावं याचं माझं मलाच हसू येतंय... पण जे झालं ते भर दिवसा, दुपारी बाराच्या आत, माझ्या डोळ्यांदेखत, चहाच्या टेबलावर झालं. आणि अजूनही ते कुणाला सांगायला लागले की मला एका जागी बसवत नाही.

वर्ष बोंडअळीचं. आमच्या भागात एवढं म्हटलं की पुरे. महागाचं बीटी बियाणं लावूनही बोंडं आतून किडली, कापूस वेचायला परवडेना, लोकांनी उभ्या कपाशीत जनावरं सोडली. आणि त्याच उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, सविताचं लग्न ठरलं. बाबा दोन वर्षांपूर्वी गेलेले. आईकडे होते ते दुधाचे पैसे. दोन म्हशींचं दूध सहा वर्षं रोज डोणगावला घालून तिनं जमवलेले. त्यातून सवितासाठी दोन तोळ्यांची एकदाणी, म्हणजे सोन्याच्या मण्यांची एकपदरी माळ, करायची हे आईनं केव्हाचं ठरवलेलं. माझ्या लग्नात तिला ते जमलं नव्हतं, आणि ती सल तिनं कधी बोलून दाखवली नाही तरी मला ठाऊक होती.

सोनाराचा भाव ऐकला तर दीड तोळ्यावरच पैसे संपत होते. आता इथं माझी हुशारी सुरू होते. जुन्या वस्तू विकायच्या एका ॲपवर मी शोधायला लागले आणि तिसऱ्या दिवशी सापडली! दोन तोळ्यांची एकदाणी, फोटो अगदी स्वच्छ, किंमत बाजारापेक्षा बरीच कमी. खाली लिहिलेलं — ‘कपाशी गेली. सुनेचा दागिना नाइलाजानं मोडतो आहे. गावात चर्चा नको म्हणून इथे टाकला. गरजूंनीच फोन करावा.’

मी फोन केला. माणूस गरीब आवाजात बोलला, दुसरबीडजवळचा होता. फोनमध्ये मी त्याचा नंबर ‘एकदाणीवाला’ म्हणून सेव्ह केला आणि दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून दोन हजार आगाऊ पाठवूनही दिले. हे मी आईला नंतर सांगितलं. ती म्हणाली, “वंदे, दुसऱ्याच्या सुनेच्या गळ्यातलं काढून आपल्या पोरीच्या गळ्यात घालाचं का?”

मी म्हटलं, आपण नाही घेतलं तर दुसरं कुणी घेईल. खरं सांगू? त्या बाईचं वाईट वाटण्यापेक्षा मला स्वस्तात मिळतंय याचाच आनंद जास्त होता. लाज वाटते, पण होता.

पुढं जाण्याआधी बाबांबद्दल सांगावं लागेल, नाहीतर कुणाला काही समजणार नाही. बाबा बैलांचे दलाल होते. धाडचा बाजार, डोणगावचा बाजार, सगळे बाजार पायाखालचे. बैलाचा भाव चारचौघांत तोंडानं बोलत नाहीत. दोघांनी हातात हात द्यायचा, वर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरून आकडा सांगायचा. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा म्हणजे पाच. नऊ म्हणायचं तर पंजा आणि लगोलग चार बोटं. बेचाळीस म्हणजे चार, जरा थांबून दोन. एरवी हजार समजायचे, तळहातावर नखानं रेघ ओढली तर शेकडा. बघणाऱ्याला फक्त रुमाल हलताना दिसतो. मी लहान असताना बाबा घरी माझ्या हातावर हे खेळायचे. आकड्यांची गोडी मला तिथूनच लागली म्हणा ना. पुढं बीटीचा कापूस आला, दोन-चार वर्षं लोकांकडे पैसा खेळला, त्यातून ट्रॅक्टर आले आणि बैलबाजार पातळ होत गेले. आईला मात्र यातलं एक बोटही येत नाही. ‘आम्ही बाया कायले शिकू थे,’ म्हणते.

तर ठरलेल्या दिवशी आम्ही दोघी मेहकरहून एसटीनं दुसरबीडला उतरलो. रस्त्याच्या कडेला हॉटेल, बाहेर ट्रक उभे, आत पाच-सहा टेबलं. एकदाणीवाला आधीच येऊन बसला होता. पंचावन्न-साठचा, पांढरा सदरा, खांद्यावर मोठा चौकड्याचा रुमाल. आम्हाला पाहून हात जोडून उठला. आईच्या मांडीवर पैशांची पिशवी. तिनं ती दोन्ही हातांनी अशी धरली होती की चहा आला तरी कप उचलला नाही.

त्यानं एकदाणी दाखवली. अहो, काय सुंदर मणी होते! मी म्हटलं, “सोनाराकडून तपासून घेणार.”

“घ्या ना ताई,” तो म्हणाला. “मीच म्हणणार व्हतो. पण मधला मनी काढाल तर ओवण सुटन, कडेचा काढा.”

किती समजूतदार माणूस, मला वाटलं. रस्त्यापलीकडं सोनाराचं दुकान होतं. कडेचा मणी कसोटीवर घासला, अस्सल निघाला. मी जवळजवळ उड्या मारतच परत आले. गणित शिकवणाऱ्या बाईनं एका मण्यावरून चाळीस मण्यांचा निष्कर्ष काढला, आणि तोही समोरच्यानंच हातात दिलेल्या मण्यावरून. आज वर्गात कुणी असं केलं तर मी त्याला शून्य देईन.

“आता भावाचं बोला,” मी म्हटलं.

त्यानं आजूबाजूला पाहिलं. हॉटेलात गर्दी होती. तो खालच्या आवाजात म्हणाला, “चारचौघात आकडा नोको. मी आधी बैलाईचे सौदे कराचो, रुमालाखाली. तुमाले समजते काय थ्यातलं?”

मला समजतं का! मी लगेच उजवा हात टेबलावर पुढं केला. त्याला नवल वाटलं. त्यानं खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर टाकला. चार बोटं धरली, मग दोन. मी त्याची तीन धरली, मग पंजा. त्यानं मान हलवून पुन्हा चार धरली, नुसती चार. बेचाळीसवरून खाली, म्हणजे चाळीस हजार. इतक्या वर्षांनी ती भाषा बोटांना आठवत होती आणि मी विलक्षण खुशीत होते. आता अडतीस म्हणावं की सदतीस, या विचारात मी हात तसाच ठेवून थांबले. माझं एक बोटही हललं नाही, हे मी शपथेवर सांगते.

त्याच्या कपाळावर आठी आली.

“नऊ काऊन म्हणता, ताई?” तो म्हणाला. “मस्करी करता का?”

“मी कुठं काय म्हटलं?”

“आता रेघ ओढली तुम्ही. शेकडा.” तो माझ्याकडे पाहत राहिला. “नऊशे?”

मी म्हटलं, “काका, मी विचार करून राह्यली अजून. मी हलवला पण नाही हात.”

आणि माझं म्हणणं पटावं म्हणून मी माझा हात रुमालाखालून सरळ बाहेर काढला आणि त्याला दाखवला.

आता नीट वाचा. माझा उजवा हात बाहेर, हवेत. डावा चहाच्या कपाला. आईचे दोन्ही हात पिशवीवर. त्याचा डावा हात टेबलाच्या कडेवर, उजवा रुमालाखाली. म्हणजे रुमालाखाली फक्त त्याचा एक हात असायला हवा. पण रुमाल खाली बसलाच नाही. दोन हात एकमेकांत असतात तेवढाच उंच राहिला. आणि तो हलत होता. तसाच हलत होता, जसा सौदा चालू असताना हलतो.

त्यानं हात ओढून पाहिला. मनगटाच्या शिरा वर आलेल्या मी पाहिल्या. हात निघेना. त्यानं दुसऱ्या हातानं टेबल धरून जोर लावला, चहा सांडला, तरी निघेना. आई माझ्या कानाशी म्हणाली, “काय करून राह्यला हा माणूस?” भीती वाटत होती का? खरं सांगायचं तर भीती नंतर वाटली. त्या क्षणी मी डोळे फाडून फक्त पाहत होते. एवढंसंही चुकवू नये असं वाटत होतं.

मग रुमाल एकदम सपाट झाला. तो माणूस मागं बाकावर आदळला. हात छातीशी धरून बसला. सदरा घामानं ओला.

मग त्यानं खिशातून दोन हजार काढून माझ्यासमोर ठेवले आणि एकदाणी उचलून घेतली.

“कडेचे दोन मनी खरे हायेत,” तो खाली पाहत म्हणाला. “बाकी पितळ. पितळ अन् मुलामा मिळून नऊशे दिले व्हते म्या. मले अन् घडवणाऱ्याले सोडून कोनाले माहीत नाही थे. माह्या बायकोलेबी नाही.”

“आणि सून?” मी विचारलं.

“मले पोरगाच नाही, ताई.”

एरवी मी त्याची गचांडी धरली असती. पोलिसांत नेलं असतं. पण तो माणूस एकदाणी खिशात टाकून आपलं उजवं मनगट चोळत होता. उठता उठता थांबला आणि म्हणाला, “तुमच्या घरी कोनी दलाल व्हतं का?”

“बाबा,” मी म्हटलं. “का?”

“भाव सांगितल्यावर अंगठ्यानं मनगट दाबलं माहं. दोनदा. आता बदल नाही, असं.”

मी आईकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे. बाबांची ती सवय होती. शेवटचा भाव सांगितला की ते मनगट दोनदा दाबायचे, मग त्यात एक रुपया इकडचा तिकडं होत नसे. खेळतानाही ते माझं मनगट तसंच दाबायचे. हे त्या माणसाला मी सांगितलेलं नव्हतं. सांगायचं कारणच काय होतं?

तो गेला. रुमाल तिथंच विसरला. हॉटेलवाल्यानं त्याच रुमालानं सांडलेला चहा पुसला आणि आमच्याकडे पैसे मागितले.

नंतर मी डोकं खूप चालवलं. तो बाबांना बाजारात कधी भेटला असेल, मला पाहून ओळख पटली असेल, मनात खोट होती म्हणून घाबरला असेल... हे सगळं मानते. मनगटाचा हिशेब त्यातून लागेलही. पण मग रुमाल वर कसा राहिला? माझा हात बाहेर काढल्यावर? तो मी पाहिला, आईनं पाहिला. आणि नाटक करायचं तर त्यानं स्वतःचं नुकसान करणारं नाटक का करावं? पैसे पिशवीत तयार होते. अजून पाच मिनिटांत मी ते स्वतःच्या हातानं त्याला दिले असते. सहा वर्षांचं दूध.

आईनं परतीच्या एसटीतही पिशवी दोन्ही हातांनी धरली होती. घरी आलो, जेवलो, झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी धारा काढून आली आणि म्हणाली, “वंदे, त्या माणसाले फोन लाव. इचार, हात थंडा व्हता का गरम.”

मी म्हटलं, “आई, काहीतरीच काय.”

“लाव म्हणते ना.”

लावला. मला वाटलं बंद असेल, पण त्यानं उचलला. मी आईचा प्रश्न जसाच्या तसा विचारला.

“गरम व्हता,” तो म्हणाला. “चांगला गरम. जित्या माणसाचा असते तसा.” आणि फोन ठेवला. त्यानंतर तो नंबर कधी लागला नाही, ॲपवरची जाहिरातही गायब झाली.

सविताचं लग्न झालं. दीड तोळ्याची एकदाणी मेहकरच्या सोनाराकडून, पावती घेऊन केली. ती छान दिसते तिला. मी अजूनही गणितच शिकवते आणि अजूनही भुताखेतांवर माझा विश्वास नाही. त्या दिवसाचं उत्तरही माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी वाट पाहीन.

आईला उत्तर नको आहे. तो हात कुणाचा होता याबद्दल तिला काडीची शंका नाही. ती सवितासाठी खूश आहे, पैसे वाचले म्हणूनही खूश आहे. पण फोन ठेवून मी ‘गरम होता म्हणे’ असं सांगितलं तेव्हा ती उंबऱ्यात बसली आणि पदर तोंडाला लावून लहान मुलीसारखी रडली. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाली,

“त्या लबाडाचा हात धरला त्यायनं. मी बाजूलेच तर बसली व्हती.”