मोठेबाबांची तेलुगू पाटी

रंगवायला घेतलेली पाटी वाचायची नाही, असा आमच्या मोठेबाबांचा नियम होता. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या बेला गावात आणि आसपासच्या गावांत पाट्या रंगवायच्या त्या त्यांनीच. निजामाच्या राज्यात त्यांनी लिहिलेल्या उर्दू पाट्या इतक्या देखण्या असत की जाणकार माणसं थांबून बघत. मोठेबाबांना मात्र उर्दूचा अलिफसुद्धा वाचता येत नव्हता. कोणी त्यावरून छेडलं तर हात न थांबवता ते म्हणत, “गाय काढाले गायीची भाषा याले पायजे काय?”

आमचं घराणंच रंगाऱ्यांचं. आजोबा बैलगाड्या आणि लग्नघरच्या भिंती रंगवत. आजोबांचे हत्ती डुकरासारखे दिसतात, असं मोठेबाबांचं खासगी मत होतं. चारचौघांत मात्र ते सांगत, “आमच्या बाचा हत्ती पाहून खऱ्या हत्तीनं सोंड वर केलती.” बेल्यात खरा हत्ती कधी आला होता, हे विचारायला सवडच मिळत नसे. तोवर ते पुढच्या गोष्टीत शिरलेले असत.

मग निजामाचं राज्य गेलं. काही वर्षांनी भाषावार राज्यं झाली. पैनगंगेपल्याडचे आमचे सोयरे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही आंध्र प्रदेशात. पोरांच्या शाळेचं काय, कागदपत्रांचं काय, या काळजीत गाव होतं. मोठेबाबा तेवढे खुशीत होते. “राज्य बदललं का पाट्या बदलते,” ते म्हणाले. तेलुगू अक्षरं तर त्यांना फारच आवडली. “कोणं काढली असन हो ही लिपी? कोपरा म्हनून नाही कुठी. बोट फिरवलं का अक्षर तयार.”

आदिलाबादच्या एका कचेरीची पहिली तेलुगू पाटी त्यांच्याकडे आली. तिथल्या पेशकारानं, म्हणजे कारकुनानं, मजकूर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला होता. त्या कागदावर त्याच्या दौतीच्या झाकणाचा एक गोल ठसाही उमटला होता. तेलुगूत अनुस्वार म्हणजे अक्षराशेजारी काढलेला पूर्ण गोल. मोठेबाबांनी तो ठसाही अक्षरच समजून मन लावून रंगवला. आजवर मी पाहिलेला तो सगळ्यात सुबक गोल. पाटी लागली आणि कचेरीत येणारा-जाणारा ती मोठ्यानं वाचून हसू लागला. दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली गेली आणि पुढचं काम निर्मलच्या एका रंगाऱ्याला मिळालं.

मोठेबाबा चार दिवस ओसरीवर ब्रश धूत बसले. धुतलेलेच पुन्हा धुवायचे. पाचव्या दिवशी सकाळी मी शाळेत निघाले तर ते आंघोळ करून, टोपी घालून दारात उभे. “चाल, मी बी येतो,” म्हणाले.

शाळेत आम्हा सगळ्यांनाच तेलुगू नवं होतं. ते शिकवणारे रामुलू सार तरुण होते, वरंगलकडचे. पन्नाशीचा माणूस पाटी घेऊन पोरांत बसलेला पाहून ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, “पेद्दय्या, खुर्चीवर बसा.” पेद्दय्या म्हणजे तेलुगूतले मोठेबाबाच.

“खुर्ची तुमची, सार,” मोठेबाबा म्हणाले. “मी शिकाले आलो.”

विद्यार्थी म्हणून ते भलतेच कठीण होते. सारांच्या ‘अ’ची शेपटी नीट वळत नाही, हे त्यांनी पहिल्याच तासाला उठून सांगितलं आणि फळ्यावर जाऊन वळवूनही दाखवली. अक्षरं त्यांची सगळ्यात सुंदर. उच्चार मात्र एकही लक्षात राहत नसे. मी शेजारून कुजबुजत सांगायची आणि दोघंही बोलणी खायचो. पण वर्ष संपेपर्यंत ते वाचायला लागले. मग एक दिवस ते आदिलाबादला जाऊन आले. निर्मलवाल्याच्या पाटीत दोन चुका सापडल्या, हे त्यांनी महिनाभर गावाला सांगितलं. कचेरीला मात्र सांगितलं नाही. “त्याच्या पोटावर कायले पाय द्या?”

मी मॅट्रिक झाल्यावर चित्रकला शिकायचं म्हणाले. वडील नको म्हणत होते. मोठेबाबांनी त्यांच्याशी भांडून मला हैद्राबादला नेलं. गाडीत त्यांनी प्रत्येक स्टेशनाचं नाव तेलुगूत मोठ्यानं वाचलं, डब्यातल्या तेलुगू माणसांसाठीसुद्धा.

प्रवेशाच्या परीक्षेत समोर तांब्या ठेवला होता. मी एका दमात रेघ ओढून तो काढला, जसा मोठेबाबांनी शिकवला होता. परीक्षक म्हणाले, “हा पाट्या रंगवणाऱ्याचा हात आहे. घेतो तुला, पण हा हात विसरावा लागेल.”

बाहेर पायरीवर मोठेबाबा बसले होते. सांगू की नको असं झालं होतं, पण रडू आलं आणि सांगून टाकलं. त्यांनी टोपी काढून झटकली. मग म्हणाले, “तर विसर. रडून काऊन राह्यली? माहा हात माह्यापाशी राहू दे. तू दुसरा घेऊन ये, मले पाहू दे कसा असते तो.”

तो त्यांना बघायला मिळाला नाही. मी दुसऱ्या वर्षाला असताना ते तापानं गेले. माझी परीक्षा चालू होती म्हणून मला उशिरा कळवलं. घरी पोचले तेव्हा दहावा होऊन गेला होता. त्यांचा एकही फोटो नव्हता, म्हणून मी आठवणीनं त्यांचं चित्र काढलं, नव्या हातानं, छायाप्रकाश सांभाळून. वडील म्हणाले, नाक मोठं झालं. आई म्हणाली, कान लहान झाले.

मोठीआई, मोठेबाबांची बायको, भिंतीला टेकून बसली होती. तिनं चित्र मांडीवर घेतलं, पदरानं हात पुसून त्यावरून बोट फिरवलं.

“सारं बरोबर हाय, माय,” ती म्हणाली. “पन यांचं तोंड बंद काऊन दाखवलं? बंद कवा होतं?”

मी चित्र तिच्याकडून घेतलं, ओठ खोडले आणि ते बोलता बोलता उघडे राहिलेले असे काढले.