मैनाबाईची बकरी

बालाघाटात रेल्वेलाइनीच्या पल्याड जी लांबोडकी गल्ली आहे, तिच्यात मैनाबाईचं घर विचारलं तर शेंबडं पोरगंही बोट दाखवतं. घर काही फार मोठं नाही. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं भिंतीआड आंगण. पण नवरा डोमाजी भरवेलीच्या खाणीत होता, पक्क्या नोकरीचा माणूस, आणि गल्लीतलं पहिलं स्लॅबचं घर झालं ते त्यांचं. डोमाजी गेला, ऐट राहिली. आषाढातल्या अखाडीच्या सणाला मैनाबाईच्या घरून गल्लीभर वडे जायचे. कोणी म्हटलं, बाई, कशाला एवढा खर्च, तर ती पदर सावरून म्हणायची, आमच्या घरी खाण्याची ददात नाही. माणसानं असं वाक्य फार वेळा बोलू नये, ऐकणारे ते ध्यानात ठेवतात.

यंदा सून नूतनला दिवस गेले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं रक्त तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. रक्त कमी आहे म्हणाली. हिरवी भाजी रोज, डाळ घट्ट, अंडी, गूळ, जमलं तर फळ. मैनाबाईनं अशी मान डोलावली की जणू घरात हे सगळं शिगोशीग भरून ठेवलंय. नूतनची आई सोबत होती ना. सोयरीक जुळवताना तिलाच मैनाबाई बोलली होती, की पोरगीनं माहेरी खाल्लं नसेल असं माझ्या घरी खाईल.

बोलायला काय लागतं? जिभेला हाड थोडंच असतं.

पोरगा गजेंद्र राईस मिलमध्ये. पावसाळ्यात मिल अर्धी बंद, तसं त्याचं कामही अर्धं. तशात वैनगंगेला पूर आला आणि काठच्या भाजीच्या वाड्या धुऊन निघाल्या. बाजारात गेलं तर भाजीवाल्यापुढं भाजीच नाही, आणि असली तर भाव ऐकून हात मागं यायचा. टमाटरकडे बायका नुसत्या बघून पुढं जात. पालकाची जुडी घ्यावी तर शिजल्यावर घासभर उरायची. तुरीच्या डाळीचं तर नावच घेऊ नका. मैनाबाईच्या वरणात डाळ शोधावी लागत होती, आणि ते वरण सुनेच्या ताटात वाढताना तिला सुनेच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

मग एका सकाळी तिनं पिशवी घेतली आणि उजाडायच्या आत लाइनीच्या कडेला गेली. तिथं टाकळ्याची रानभाजी, आमच्याकडे तरोटा म्हणतात तो, माजला होता. कवळा, हिरवागार, फुकटचा. लहानपणी आईसोबत खुडलेला. शेंडे कसे मोडायचे ते बोटांना अजून ठाऊक होतं.

आता तुम्ही म्हणाल, तरोटा खाण्यात लाज कसली? बरोबर आहे. पहिल्या पावसाचा तरोटा एखाद दिवस हौसेनं सगळेच खातात, बोटं चाटत खातात. पण चवीनं एक दिवस खाणं वेगळं आणि रोज सकाळी लाइनीवर वाकून खुडून आणणं वेगळं. मैनाबाईच्या बापाच्या घरी भादव्यात दोन्ही वेळा तरोटाच असायचा, आणि शाळेत पोरी तिच्या बाजूला बसताना नाक धरायच्या. ते ती कुठं विसरली होती! डोमाजीच्या घरात आल्यावर तिनं पहिलं काही केलं असेल तर तरोट्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं.

पण तो शिजवला मात्र तिनं मन लावून. मूठभर चण्याची डाळ, लसूण, मिरची. एखाद दिवशी मुनग्याचा, शेवग्याचा, पाला. शेजारच्या वावरातून कोणी दिलीच तर अंबाडी. नूतन ताट पुसून खायची. हळूहळू तिच्या तोंडावर रंग आला, ओटा चढताना दम लागायचा तो कमी झाला. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई खूश झाली. नूतन एकदा साधेपणानं म्हणालीही, की आई, मले तं आवडते, लपवाचं काहून? मैनाबाईनं तिला गप्प केलं. तुले नाही समजत म्हणाली. भाजी निवडताना ती मागचं दार लावून घ्यायची, सालं-काड्या कागदात गुंडाळून दूर फेकून यायची. चोरी केल्यासारखी खायची ती भाजी. चव कुठून लागणार?

आणि मग एका पहाटे ती रीनाला सापडली.

रीना समोरच्या घरातली. नवरा कुशल ऑटो चालवतो, पोरगी पिंकी शाळेत जाते. वर्षभरापूर्वी जबलपूरहून आलेली माणसं, इथं ना सासर ना माहेर. रीनाला मराठी समजायची, बोलायची मात्र हिंदीत. मैनाबाईला मौसी म्हणायची आणि मनापासून म्हणायची. त्या दिवशी ती पाण्याची टाकी बघायला बाहेर आली, तर मैनाबाई भरलेली पिशवी घेऊन समोर उभी. वरून तरोट्याचे शेंडे डोकावत होते. रीनानं विचारलं, मौसी, इतक्या सकाळी हे काय?

मैनाबाईनं पिशवी पाठीमागं केली. आणि तोंडातून निघालं, "बकरीसाठी आहे वं. बकरी घेतली ना आमी."

झालं. बकरी जन्माला आली.

एक खोटं बोललं की ते पोसावं लागतं. बकरी कुठं बांधली? मागच्या आंगणात. आवाज कसा येत नाही? लई शांत आहे. गल्लीतल्या बाकीच्या बायकांनाही बातमी गेली. म्हातारी विमलाबाई ओट्यावर बसून रोज गंभीर तोंडानं विचारायची, काय मैना, बकरी बरी आहे ना? आणि मैनाबाई त्याहून गंभीर तोंडानं सांगायची, हौ, बरी आहे. नूतनची भूक वाढली तसा पाला जास्त येऊ लागला, दोन-दोन पिशव्या. रीनानं पुन्हा विचारलं तेव्हा मैनाबाई बोलून गेली की बकरी व्याली, आता तिले जास्त लागते. पिंकीनं टाळ्या वाजवल्या. पिल्लू बघायचं म्हणून हट्ट धरला. अजून लहान आहे, नजर लागते, असं सांगून मैनाबाईनं तिला परतवलं.

मग डेंग्यूची साथ आली.

दर घरी कोणी ना कोणी तापानं फणफणलं. पिंकी दवाखान्यात भरती झाली. डॉक्टर म्हणत होते, पाणी पाजा, ताप बघा, आम्ही रोज रक्त तपासतोय, घाबरू नका. पण आई-बापाचं घाबरणं डॉक्टरच्या सांगण्यानं थांबत असतं का? कोणीतरी सांगितलं, बकरीच्या दुधानं उतरलेलं रक्त चढतं. खरं-खोटं देव जाणे, डॉक्टरनं तर साफ नाही म्हटलं. पण साऱ्या बालाघाटात बकरीच्या दुधाला सोन्याचा भाव आला. ज्याच्याकडे बकरी, तो राजा. कुशलला कळलं की लांबच्या हट्टा गावात एका माणसाकडे दूध मिळेल, दुपारपर्यंत आलात तर ठेवतो म्हणाला. तो ऑटो घेऊन निघाला. आणि रीनाला एकदम आठवलं, अरे, दूध तर समोरच्याच घरात आहे.

ती दवाखान्यातून तशीच पळत आली. केस विस्कटलेले, हातात स्टीलचा डबा.

"मौसी, पिंकी के लिए थोडा दूध दे दो. आपके पाँव पडती हूँ."

मैनाबाई दारात उभी. आत्ता सांगावं, आत्ताच, असं तिला वाटलं. खरंच वाटलं. दोन शब्दांचं काम होतं. बकरी नाही. पण समोर विमलाबाई ओट्यावर बसलेली, बाजूच्या दोघी नळावर. सगळ्यांचे कान इकडे. आणि त्या दोन शब्दांच्या मागून एक प्रश्न येणार होता, मग तो पाला कोण खातं? जीभ वळली ती भलतीकडेच.

"चराले गेली बाई. सांजच्यानं येजो."

रीनानं डोळे पुसले, मैनाबाईच्या पायाला हात लावला आणि तिथंच उभ्या उभ्या नवऱ्याला फोन केला. परत या म्हणाली. मौसीकडे दूध मिळतंय, उगीच एवढ्या लांब जाऊ नका.

ते सगळं मैनाबाईनं ऐकलं. तरीही ती बोलली नाही. हे विसरण्यासारखं नाही, आणि ती विसरलेलीही नाही. बोलण्याऐवजी तिनं पातेल्यासारखा गंज उचलला, चपला पायात सरकवल्या आणि मागच्या दारानं निघाली. खोटं खरं करायला. लाइन ओलांडून, नाल्यापल्याडच्या टोलीत, लहानशा वस्तीत, गेली. तिथं चैतराम नावाचा बकऱ्या पाळणारा ओळखीचा होता. त्याच्या दारात आधीच माणसं रांगेत उभी. सगळं दूध सांगून ठेवलेलं. मैनाबाईनं हात जोडले, डोमाजीचं नाव सांगितलं. चैतराम बिचारा म्हणाला, काकी, आता बकरीच्या आंगात नाही तं मी कुठून देऊ? मग दुसरी टोली, मग वावरातली झोपडी. कुठं पिल्लंच पीत होती, कुठं बकरी आटलेली. ऊन उतरलं तशी ती रिकामा गंज घेऊन परत फिरली. चिखलानं साडी भरली होती. वाटेनं ती रडत होती आणि स्वतःला शिव्या देत होती.

घरी आली तर ओट्यावर रीना बसलेली. दुपारपासून, पिंकीला बाजूच्या खाटेवरल्या बाईच्या भरवशावर सोडून. मांडीवर तो डबा. कुशल ऑटो लावून गल्लीत येरझारा घालत होता.

मग मैनाबाईनं सांगितलं. बकरी नाही. कधी नव्हतीच.

आणि गंमत बघा, अख्खा पावसाळा जिचं खोटं खपलं, तिचं खरं काही खपेना. रीनाला वाटलं दूध दुसऱ्या कोणाला विकलं. ती ताडकन उठली, घरात शिरली, खोल्या ओलांडून मागच्या आंगणात गेली. तिथं ना दावं, ना लेंडी. नूतन चुलीजवळ बसली होती. तिनं गंजावरचं झाकण काढून बाजूला ठेवलं. तरोट्याची भाजी रटरटत होती. बाजूला दोन ताटं मांडलेली.

रीना त्या गंजाकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर राग होता तो कुठंतरी गेला, आणि जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं.

"सुबह बोल देतीं, मौसी," ती हळूच म्हणाली. "मैं किसी से नहीं कहती."

कुशल तसाच हट्ट्याला पळाला. दूध केव्हाचंच गेलं होतं.

पिंकी बरी झाली. बकरीच्या दुधाशिवाय झाली, डॉक्टर म्हणाले तशीच, पाण्यानं आणि औषधानं. पण तोवरच्या रात्री मैनाबाईनं कशा काढल्या ते तिचं तिला माहीत. पोरगीला काही झालं असतं तर? दूध लागत नव्हतं हे खरं, पण ती आई तर ते लागतंय म्हणूनच आपल्या ओट्यावर बसली होती ना? मैनाबाई मेल्याहून मेल्यासारखी झाली. गल्लीतून जाताना मान वर होईना.

एक दिवस विमलाबाईनं तिला हाक मारून ओट्यावर बसवलं. मैनाबाई म्हणाली, हसा बाई, तुमीही हसून घ्या आता. म्हातारी हसली नाही.

"काय हसू? तरोट्याले बकरी तोंड तरी लावते का? वावरातली पोरगी तू, तुले हे माहीत नाही? साऱ्या गल्लीले पहिल्या दिवशीच समजलं होतं."

मैनाबाईनं कपाळावर हात मारला. खरंच की. भीतीच्या भरात एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यातच आली नव्हती. मंग बोलल्या काहून नाही, तिनं विचारलं.

"तू लपवून राह्यली होती, तं आमी कशा उघडं करू? ते डबा घेऊन आली तवा वाटलं, तूच सांगशील." म्हातारी म्हणाली. मग जरा कठोरपणानं म्हणाली, "साऱ्या गल्लीत तुह्यं खरं मानणारी एकच होती, मैना. ते जबलपूरची."

हे शब्द मैनाबाईच्या वर्मी बसले. ती तिथून उठली ती घरी गेलीच नाही, सरळ रीनाच्या दारी गेली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. रीनानं दार उघडलं, आत या म्हणाली, खुर्ची पुढं केली, जशी कोणीही परकी बाई आली तर करतात. मौसी म्हणाली नाही. खाटेवर पिंकी उशीला टेकून बसली होती, सुकलेली, डोळे मोठे झालेले. मैनाबाईला बघून तिचं तोंड फुललं. त्या लेकराला कोणी काहीच सांगितलं नव्हतं.

"दादी, अब तो बकरी का बच्चा बडा हो गया होगा? दिखाओगी?"

रीनानं मान वळवली. दार उघडं होतं, बाहेर नळावर बायका होत्या. मैनाबाईनं दार लावलं नाही.

"बकरी नाही बेटा," ती म्हणाली, बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "मी खोटी बोलली. तो पाला आमीच खाऊन राह्यलो होतो."

पिंकीला ते नीट कळलं नाही. तिनं आईकडे बघितलं, मग मैनाबाईकडे.

"तो आप झूठ क्यों बोलीं? भूख लगना गंदी बात है क्या?"

मैनाबाई पुढं झाली. खुर्ची तशीच ठेवून ती त्या लेकराच्या खाटेला लागून जमिनीवर बसली, आणि तिनं मान खाली घातली.