पाय टेकला की पाळी गेली

भिंगरीताईंवर लिहायचा अधिकार खरं तर मला नाही. त्यांचं घर मी कधी पाहिलं नाही. त्यांच्या यजमानांना एकदाच भेटलो, तेही ते विसरलेला डबा द्यायला आले होते म्हणून. माझी त्यांची ओळख म्हणजे रस्त्याच्या वळणापासून माझ्या केबिनपर्यंतची. हाकेच्या अंतरात माणूस असा कितीसा कळणार? पण मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांचा विषय निघाला की तुम्ही हसता. तेवढं लिहा ना." म्हणून बसलोय. कुठं चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बटणांच्या कारखान्यात टाइमकीपर होतो. फाटकाशी काचेची केबिन, भिंतीवर घड्याळ, समोर रस्त्यावर आडवा दांडा. भोंगा झाला की दोरी सोडायची आणि दांडा खाली आणायचा. त्यानंतर येईल त्याला उशीर. यापलीकडे कामात काही नव्हतं, पण त्यामुळे माणसं सकाळी कशी दिसतात ते मला पाठ झालं होतं. कोणी शेवटचा घास चावत येई, कोणी घरचं भांडण कपाळावर घेऊन, कोणी शर्टाची बटणं लावत (बटणांच्या कारखान्यात!). भिंगरीताई मात्र रोज आत्ताच कोणीतरी विनोद सांगितल्यासारख्या यायच्या.

आणि यायच्या त्या आवाज न करता. त्यांच्या सायकलीला फ्रीव्हील नव्हतं. याचा अर्थ मलाही त्यांनीच समजावला. साध्या सायकलीवर आपण पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं, मागून टिकटिक ऐकू येते. ती टिकटिक फ्रीव्हीलची. यांच्या सायकलीत चाक फिरतंय तोवर पेडलही फिरणारच. उतार असो, वळण असो, पायांना रजा नाही. थांबायचं तर पेडलवर उलटा जोर देऊन चाक पायांनीच रोखायचं. हँडलला पुढचा एक ब्रेक होता, पण तो वडिलांनी केवळ आईच्या हट्टापायी लावलेला, त्याला त्या फारसा हात लावत नसत.

पाय असे सारखे फिरतात म्हणून नाव पडलं भिंगरी. ते ठेवलं पॉलिश खात्याच्या सुपरवायझरनी. त्यांना सगळे पॉलिशमामा म्हणत. लोकांना नावं ठेवल्याशिवाय मामांना अन्न गोड लागत नसे. ताईंना ते नाव आवडलं, एवढंच मामांचं चुकलं.

ती सायकल त्यांच्या वडिलांनी जोडलेली. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. या गिऱ्हाइकाचं टाकलेलं चाक, त्या गिऱ्हाइकाचं हँडल असं करत त्यांनी ताईंना आणि धाकट्या भावाला मिळून एक सायकल बनवली. फ्रीव्हील तेवढं शिल्लक नव्हतं. "पुढं बसवू," म्हणाले. ते पुढं काही आलं नाही. एका सायकलीवर दोन पोरं म्हटल्यावर भांडण आलंच, म्हणून वडिलांनी नियम घातला: पाय टेकला की पाळी गेली. खाली न टेकता जितकं फिराल तितकं तुमचं.

"मग मी उतरायचंच सोडलं," ताई म्हणाल्या होत्या. "भाऊ दारात उभा राहून रडायचा. आई जेवायला हाका मारायची. मी आपली अंगणात, जागच्या जागी."

जागच्या जागी म्हणजे खरोखरच. पुढचं चाक जरा तिरकं करून, पेडल बोटभर पुढं, बोटभर मागं करत त्या सायकल उभी ठेवत. दांडा खाली असला तर माझ्या केबिनसमोर अशाच थांबायच्या आणि गप्पा मारायच्या. घरून निघाल्यावर कारखान्यात पोचेपर्यंत पाय टेकायचा नाही, हा त्यांचा खेळ पन्नाशीतही चालू होता. भाऊ आता वडिलांचं दुकान चालवत होता, पाळी मागायला कोणी उरलं नव्हतं, तरी.

एकदा मी विचारलं, "ताई, रोज कंटाळा नाही येत?"

त्या म्हणाल्या, "घड्याळभाऊ, घरात सासूबाईंचा रेडिओ. त्यांना ऐकू येत नाही म्हणून तो पूर्ण मोठा. इथं भोकं पाडायची मशीनं. मधला रस्ता तेवढा गप्प असतो."

त्या भोकं पाडायच्या खात्यात होत्या. बटणाला दोन, नाही तर चार. दिवसभर कर्रर्र आवाज. त्यांचं म्हणणं माझ्या मनात राहिलं.

मग कारखाना हलला. जुनी इमारत अपुरी पडत होती, नवी बांधली ती टेकडीवर. छान हवा, मोठ्या खिडक्या, आणि फाटकापर्यंत छातीवर येणारा चढ. कंपनीनं सगळ्यांसाठी बस ठेवली. सगळे खूश. ताईंनी पहिल्याच दिवशी सायकल आणली, पण निम्म्या चढावर उतरून ढकलत. घामानं भिजलेल्या, चेहरा पडलेला. पाळी गेली होती ना.

नव्या जागेत सायकली ठेवायला शेड नव्हती. येऊन जाऊन एकच सायकल, तिच्यासाठी शेड कोण बांधणार? ताईंनी मॅनेजरसाहेबांना फाटकातच गाठलं. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याला नीटनेटकेपणाची भारी हौस.

"बस आहे की, बाई. बसमध्ये काय वाईट आहे?"

"बसमध्ये सगळे बोलतात, साहेब."

"वाईट बोलतात?"

"छे हो, चांगलं बोलतात. पण बोलतात."

साहेबांना ते कळलं नसावं. ते म्हणाले, "हे बघा, ढकलत आणायची ती हातगाडी. हातगाडीला आपल्याकडे जागा नाही. बसून वर आणून दाखवा, मी स्वतः जागा देतो. महिनाअखेरीपर्यंत बघा. नाही तर बस."

ताई "बरं" म्हणाल्या. त्या एवढं थोडं बोलल्या की मलाच कसंतरी झालं.

तेव्हापासून त्या चढाच्या पायथ्याशी झाडाला सायकल बांधून उरलेली वाट चालत येऊ लागल्या. संध्याकाळी काम सुटलं की पुन्हा चढून बघायच्या, कधी अर्ध्यापर्यंत, कधी त्याच्या थोडं वर. पॉलिशमामा बसच्या खिडकीतून विचारायचे, "काय भिंगरी, दोरा संपला का?"

"तुमच्या जिभेला गुंडाळलाय, मामा. सोडा थोडा."

शेवटी त्यांच्या खात्यातल्या बायांना राहवलं नाही. सगळ्यांनी मिळून त्यांना नवी कोरी गिअरची सायकल आणली. हिरवी, चकचकीत. दुपारच्या सुट्टीत अंगणात भेट दिली. मामांनी भाषण केलं, ते फार लांबलं. ताईंचे डोळे भरून आले. त्या सायकलीवर बसल्या आणि अंगणाला एक चक्कर मारली. काय सुरेख चालली म्हणून सांगू! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चक्कर पुरी करून त्या माझ्या केबिनसमोर थांबायला आल्या आणि थांबायचं म्हणून, सवयीनं, पेडल मागं दाबलं.

नव्या सायकलीला फ्रीव्हील होतं. पेडल मागं फिरलं ते फिरतच राहिलं, टर्रर्र. सायकल काही थांबेना. हँडलला चांगले दोन ब्रेक होते, पण ताईंचे हात ब्रेक शोधत नव्हते, पायच शोधत होते.

"अगं बाई, हिला पायच नाहीत!" असं ओरडत त्या केबिनवरून, मामांच्या पुढ्यातून, नापास बटणांच्या पोत्यांच्या ढिगात शिरल्या.

दोन पोती फुटली. बटणं अंगणभर पळाली, उतारावरून फाटकाकडे, फाटकाखालून रस्त्यावर. लागलं कोणालाच नाही. ताई पोत्यांवर उताण्या पडून हसत होत्या, आणि त्यांना उठवायला गेलेली प्रत्येक बाई बटणांवरून घसरून शेजारी बसत होती. मला माझ्या बुटात पुढचे कितीतरी दिवस बटणं सापडत होती. बायको म्हणायची, "पगार असा चोरून आणता होय?"

नवी सायकल ताईंनी आपल्या मुलीला दिली, खात्यातल्या सगळ्या बायांना विचारून. आणि जुनी घेऊन त्या भावाच्या दुकानात गेल्या. मागच्या चाकाचं दातेरी चक्र मोठं बसवलं की चढ हलका होतो, असं त्यांनी मला सांगितलं. पण मग सपाटीवर पाय फार भरभर फिरवावे लागतात.

"भाऊ काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, ताई, सपाटीवर शिवणयंत्र होशील. म्हटलं, होईन. मग म्हणाला, आता तरी फ्रीव्हील बसवू का, बाबांचं राहिलेलं? म्हटलं, खबरदार."

आणि झालंही तसंच. खालच्या सपाट रस्त्यावर ताईंचे पाय दिसेनासे झाले, नुसतं भिरभिरं फिरायचं. संध्याकाळी चढून बघून परत उतरताना तर विचारू नका. तिथं आईच्या हट्टाचा तो ब्रेक उपयोगी पडला. मामा म्हणाले, "आता खरी भिंगरी." पण या वेळी आवाज टोमण्याचा नव्हता.

महिना संपत आला. तो दिवस शेवटचाच होता की त्याच्या आदला, आता आठवत नाही. वारा समोरून होता. बस अजून आली नव्हती, साहेबांची गाडीही नाही. भोंगा झाला. नियमाप्रमाणे मी दोरी सोडली, दांडा खाली आणला. तेवढ्यात चढाच्या बाजूनं हॉर्न ऐकू आला, मग आरडाओरडा. मला वाटलं अपघात झाला. धावत बाहेर आलो.

वळणावर आधी ताई दिसल्या. उभ्या राहून पेडल मारत होत्या, एकेक फेरी जणू विहिरीतून पाणी ओढल्यासारखी. त्यांच्या मागं बस, चालत्या माणसाच्या वेगानं. ड्रायव्हरनं त्यांना ओलांडलं नव्हतं. खिडक्याखिडक्यांतून माणसं बाहेर लोंबत होती. "ताई, श्वास घ्या!" "खाली बघू नका!" आणि सगळ्यांत मोठा आवाज पॉलिशमामांचा: "पाय टेकू नका हो, माझी शपथ आहे!" बसच्या मागं साहेबांची गाडी. हॉर्न तिचा होता. पण वळणावर आल्यावर साहेबांनाही पुढचं दिसलं असावं, कारण हॉर्न बंद झाला.

आणि पुढं माझा दांडा, खाली.

मी दोरी ओढली. नवी इमारत, नवी कप्पी. दोरी कप्पीच्या खाचेतून सुटून बाजूला अडकली. मी ओढतोय, ती हलत नाही. ताई दांड्यापाशी आल्या आणि थांबल्या. पाय टेकला नाही. चढावर, दम लागलेला, चाक तिरकं, बोटभर पुढं, बोटभर मागं.

"घड्याळभाऊ," ताई धापा टाकत म्हणाल्या, "घड्याळ बंद पडलंय, की तुम्ही?"

"कप्पी! कप्पी अडकलीय!"

"मग सांगा तिला, मी म्हातारी होतेय."

मी टाचा उंचावून कप्पीपर्यंत हात पोचतो का बघत होतो. तेवढ्यात बाजूनं कोणीतरी आलं, दांड्याखाली खांदा घातला आणि तो वर उचलला. बघतो तर मॅनेजरसाहेब. गाडी मागंच सोडून पळत आले होते. दांड्यावरची सगळी धूळ त्यांच्या कोटावर.

"जा हो बाई, जा," ते म्हणाले. "जड आहे."

ताई आत गेल्या. बसमध्ये असा काही गलका झाला की माझ्या केबिनच्या काचा थरथरल्या. त्यांनी केबिनच्या भिंतीला हात लावला, मग पाय टेकला, आणि मग मात्र मटकन खालीच बसल्या.

साहेब खांदा झटकत जवळ आले. "जागा कुठं हवी?"

ताईंनी बसल्या बसल्या माझ्या भिंतीकडे बोट केलं. "इथं. एक हूक पुरे, साहेब. ती काही जागा खात नाही."

मी घाबरत घाबरत विचारलं, "साहेब, सगळ्यांना उशीर लावायचा का?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं, बस पाहिली, आपला कोट पाहिला. "लावा," ते म्हणाले. "माझ्यापासून सुरुवात करा." आणि मग स्वतःच हसायला लागले.

हूक फिटरनं त्याच दुपारी ठोकला. त्यावर ती सायकल पुढं कितीतरी वर्षं लटकत राहिली. काचेतून मला तिचं मागचं चाक दिसायचं, आणि सकाळी आल्यावर ते थांबलं की माझा दिवस सुरू व्हायचा. त्या दिवसानंतर वळणावर दिसताच ताई ओरडायच्या, "दांडा!" आणि मी ओरडायचो, "वर!" माझ्यासारख्या माणसानं रस्त्यात ओरडणं म्हणजे नवलच. बायकोला सांगितलं तर तिनं विश्वास ठेवला नाही.

त्यांच्याबद्दल मला आणखी काय माहीत आहे? काही नाही. आवडतं गाणं ठाऊक नाही, दुःखं ठाऊक नाहीत. असतील, माणूस म्हटल्यावर असणारच. ती त्यांनी माझ्या हाकेच्या अंतरात कधी आणली नाहीत. मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजा घेतली आणि ती रजा तशीच निवृत्तीला जाऊन मिळाली, निरोपाचा समारंभ राहून गेला. पुढं ऐकलं की त्याही काम सोडून मुलीच्या गावी गेल्या. तिथं चढ आहे की सपाट, माहीत नाही. पण ताई कुठंतरी पाय फिरवत असतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि मला शंका नसलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत.

रजेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी हुकावरून सायकल काढली. रजेचं त्यांना सांगायचं माझ्या मनात होतं, पण माझ्या डोळ्यांचं कौतुक त्यांना कशाला, म्हणून राहिलं. त्या सायकलीवर बसल्या, दांड्याशी जागच्या जागी थांबल्या, बोटभर पुढं, बोटभर मागं.

"घड्याळभाऊ, उद्या वारा समोरून आहे म्हणे. दांडा जरा आधीच वर करून ठेवा."

"ठेवायला सांगतो," मी म्हणालो. "सावकाश जा."

"सावकाश?" ताई म्हणाल्या. "या उतारावर?"