क्लोरोफॉर्म उतरल्यावर

सासऱ्यांच्या मांडीत बैलाचं शिंग घुसून जखम पिकली, तेव्हा इंझोरीहून गाडीत घालून त्यांना कारंज्याच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म देऊन जखम साफ केली. दुसऱ्या सकाळी आमचे हे गुरं पाहायला गावी परतले. लघवीचं भांडं, ती मोजायचं काचेचं माप, पाण्याचा तांब्या, सगळं मी हाताशी मांडून ठेवलं.

डॉक्टर रिकाम्या मापाकडे पाहत थांबले. त्यांनी सासऱ्यांचं पोट दाबून पाहिलं.

"लघवी आत साठलेली नाही, तयारच होत नाही. क्लोरोफॉर्मनं कधी कधी मूत्रपिंडं बसतात. संध्याकाळपर्यंत आली नाही, तर माझ्या हातात फारसं उरणार नाही. ओकारी थांबली आहे. पाणी पाजत राहा."

रीतीप्रमाणे सासऱ्यांशी मी कधीच बोलले नव्हते. निरोप तिसऱ्याच्या तोंडून जायचा. इथे ते काम शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या पिंजाऱ्याने पत्करलं होतं.

"चाचा, त्याईले पानी प्याले सांगा."

"पाटील, बहू पानी देऊन राह्यली."

"तहान नाही मना तिले."

"ओठ फुटले, अन् तहान नाही?" पिंजारी हसला. "भांड्याची लाज वाटते, खरं सांगा."

सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "सुनेनं माहं भांडं उचलावं? पोरगा आला की पाहू."

म्हणजे मुद्दामच पीत नव्हते! आणि पोरगा येणार दिवस मावळल्यावर.

मी तांब्या घेऊन समोर उभी राहिले.

"मामाजी, पानी प्या. भांडं मीच उचलीन. तुमाले काई झालं तं तुमच्या पोराले काय सांगू? लाजून गेले मनून?"

सासऱ्यांनी डोळे मिटून तांब्या तोंडाला लावला.

मी भरत राहिले, ते पीत राहिले. दुपार टळली तरी माप कोरडंच. आता पाणी कमी पडलं म्हणायची सोय नव्हती. डॉक्टर दोनदा येऊन माप पाहून गेले.

ऊन उतरताना सासरे पुटपुटले, "सूनबाई, जरा तिकडं पाह्य."

मी भांडं देऊन पाठ फिरवली. पिंजाऱ्याने तोंडावर चादर ओढली.

डॉक्टरांनी भांड्यातली लघवी मापात ओतून ते खिडकीच्या उजेडात धरलं. थोडीशीच, काळ्या चहासारखी. "सुरू झाली," ते म्हणाले. "अजून पाजा."

मी भांडं नेऊन धुतलं आणि खाटेखाली ठेवलं. पिंजाऱ्याने सवयीने निरोप सांगायला तोंड उघडलं, पण सासऱ्यांनी त्याला हातानेच थांबवलं.

"सूनबाई, पानी दे."