कुलूपबाईंचा शेरा

कुलूपबाईंना हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याला बाई पुरत्या कळल्या होत्या. मोठ्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीपलीकडे एक जाळीची खिडकी, आणि खिडकीमागे छताला टेकलेले लोखंडी रॅक. अख्ख्या शहराची काळजं, आतडी आणि गर्भाशयं त्या रॅकवर नंबर लावून बसलेली असत. बाईंच्या धाकट्या बहिणीच्या तोंडात तीळ भिजत नसे. बाईंच्या तोंडात तिळाचं पोतं भिजलं असतं.

लोक खिडकीशी वाकून हळूच म्हणत, ‘‘बाई, हे माझ्या सासूला कळता कामा नये.’’ कुणाला नवऱ्यापासून लपवायचं असे, कुणाला मुलांपासून, कुणाला साहेबापासून. बाई ‘का’ म्हणून विचारत नसत. फाइलला हिरवा दोरा गुंडाळायचा, दोन गाठी मारायच्या आणि फाइल आतल्या कपाटात टाकायची, ही त्यांची पद्धत. मग ती सासू चौकशीला आलीच, तर तिच्यासाठी एक ठरलेलं वाक्य होतं: ‘‘असा कागद इथे नाही. एकदा घरी विचारून बघा.’’ फाइल खरोखरच नसेल तेव्हा नुसतं ‘इथे नाही’. दोरा असेल तरच पुढचं ‘घरी विचारून बघा’. फाइल आतल्या कपाटात असल्यामुळे ‘इथे नाही’ हे खोटंही नव्हतं, आणि उत्तर घरीच होतं, हेही खरंच. या वाक्याचा बाईंना मनातून फार अभिमान होता. हाताखाली आलेल्या प्रत्येकीला पहिल्या आठवड्यात त्यांनी ते घोकून घेतलं.

मग कॉम्प्युटर आले. सगळ्या फाइली आत घालायला एक टायवाला माणूस आला. दोऱ्याचं काय करायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा तो म्हणाला, ‘‘कोड टाकू. समजा, सात नंबर.’’

‘‘सात म्हणजे काय, ते माझ्यामागून येणारीला कसं कळणार?’’ बाई कडाडल्या. ‘‘माणसाला वाचून कळेल असं लिहा. शेऱ्याचा रकाना आहे ना? त्यात लिहा.’’

टायवाल्याने वाद घातला नाही. चार महिने बाई एकेक दोरा सोडत गेल्या आणि सांगत गेल्या: नवऱ्याला सांगू नये. मुलांना सांगू नये. सासूला सांगू नये. शेवटचा दोरा सुटला तेव्हा त्यांना एखादं मोठं घर नीट आवरून झाल्यासारखं वाटलं. त्यानंतर वर्षभराने त्या निवृत्त झाल्या.

निवृत्तीला तीन वर्षं होत आली आणि एका सोमवारी हॉस्पिटलमधल्या कॉम्प्युटरचे सगळे पडदे काळे झाले. कुठल्या तरी देशात बसलेल्या हॅकरांनी सगळी माहिती उचलली होती. त्यांनी मागितलेले पैसे हॉस्पिटलने दिले नाहीत, तेव्हा त्यांनी ती माहिती इंटरनेटवर उघडी टाकून दिली. हॉस्पिटलने घरोघरी पत्र पाठवलं, की आपल्या माहितीची सुरक्षा हेच आमचं पहिलं कर्तव्य आहे. बैल गेला अन् झोपा केला!

आठवडाभरात शहराची नजर बदलली. औषधांच्या दुकानात पूर्वी लोक एकमेकांच्या डोक्यावरून चिठ्ठ्या पुढे करत. आता चिठ्ठी मुठीत, आणि मूठ खिशात. औषध मागायचं तेही कानात. दुकानदार ओरडायचा, ‘‘अहो, मोठ्यांदा बोला की!’’ आणि गिऱ्हाईक निघून जायचं. एका मास्तरांनी खोकल्याच्या गोळ्या घेतल्या, तर संध्याकाळपर्यंत त्यांना तीन वेगवेगळे रोग झाले. बँकेतला कारकून छातीठोकपणे सांगत होता, की माहिती हॉस्पिटलनेच विकलीय. आणि मागून कुणी तरी म्हणालं, ‘‘आतल्या माणसाशिवाय हे होतच नाही. इतकी वर्षं आत कोण होतं?’’

कुलूपबाई रांगेत चौथ्या होत्या. बोलणाऱ्याने वळून पाहिलं, मग रांगेने पाहिलं. ज्या बाईंना कॉम्प्युटर सुरू करायलाही दुसऱ्याला हाक मारावी लागे, त्यांनी म्हणे तो फोडला! बाईंच्या तोंडावर उत्तर आलं होतं, पण तोंडाला उघडायची सवय नव्हती. रक्तदाबाची गोळी न घेताच त्या घरी आल्या.

खरं काय ते त्यांना खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीने सांगितलं. ब्लाऊजची बाही उसवता उसवता ती म्हणाली, ‘‘ताई, म्हणे त्यात कुणाचं नाव शोधावंच लागत नाही. ‘सांगू नये’ एवढं टाकायचं, की यादी समोर. सहाशे चाळीस जण आहेत म्हणे. आणि कुणाला सांगू नये, तेही लिहिलंय. कोपऱ्यावरच्या न्हाव्याची बायको परवा माहेरी गेली ती आलीच नाही.’’

‘‘तू बघितलीस यादी?’’

‘‘मी? छे हो! मी कशाला बघू?’’ शिंपीण इतक्या घाईने म्हणाली, की बाईंना उत्तर मिळालं.

हॅकरांना लाखभर फाइली मिळाल्या होत्या. त्या ढिगात कोण कुठे शोधणार होतं? पण नेमकं जे झाकायचं तेवढंच बाईंनी स्वतः वेगळं काढून, माणसाला वाचून कळेल अशा शब्दांत लिहून ठेवलं होतं. न्हाव्याचा हिरवा दोरा त्यांनीच बांधला होता आणि त्यांनीच सोडला होता. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘तो शेरा माझाच’ हे शिंपिणीला सांगायचंही धाडस त्यांना झालं नाही. ब्लाऊज तसाच टाकून त्या वर आल्या.

वर नवरा होता. घड्याळांची दुरुस्ती करणारा, म्हणून सगळे त्याला घड्याळजी म्हणत. पुढच्या खोलीत खिडकीखाली त्याचं टेबल, डोळ्याला लावायचं भिंग, चिमटे, आणि भिंतीवर प्रत्येकी निराळी वेळ दाखवणारी नऊ घड्याळं. त्याने मान वर न करता विचारलं, ‘‘अगं, त्या चोरीत सगळंच गेलंय का? म्हणजे, जुनंच गेलंय की दोन वर्षांतलंही?’’

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. साठ वर्षं वयाला आणि चौतीस वर्षं लग्नाला झाली, पण या माणसाने हॉस्पिटलबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

‘‘तुम्हाला कशाला हवंय?’’

‘‘सहज.’’

एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं, की मागचं सगळं नव्याने दिसायला लागतं. दर महिन्याचा दुसरा मंगळवार. ‘‘सुटे भाग आणायला जातो,’’ म्हणून दोन तास बाहेर, आणि येताना हात रिकामे. बायकांची नाजूक घड्याळं घेणं त्याने वर्षभरात बंदच केलं होतं. नुसती भिंतीवरची तेवढी घ्यायचा. आणि डावा हात सदानकदा खिशात, चहा पितानाही. बायकांची घड्याळं का नकोत? कुठल्या बाईला तोंड चुकवत होता? मंगळवारी कुणाकडे जात होता, आणि तिथून काय रोग घेऊन आला, जो बायकोला कळायला नको होता? पासष्टीच्या माणसाबद्दल आपण हा विचार करतोय याची बाईंना लाज वाटली. तरी त्याच दुपारी त्यांनी त्याचा शर्ट धुवायला टाकण्याआधी हुंगून पाहिला. त्याला घड्याळाच्या तेलाचा वास येत होता.

यादी बघायची नाही, हे त्यांनी ठरवलं होतं. चोरीचा माल तो चोरीचा माल. पण सरळ दाराने विचारायला कुणाची बंदी होती?

दुसऱ्या दिवशी त्या हॉस्पिटलात गेल्या आणि रेकॉर्डच्या खिडकीपुढे रांगेत उभ्या राहिल्या. रांग जिन्यापर्यंत गेली होती आणि प्रत्येक जण पुढच्याच्या हातातला कागद वाचायचा प्रयत्न करत होता. दीड तासाने नंबर लागला. जाळीमागे त्यांच्याच हाताखाली तयार झालेली बाई होती. आता ती विभागाची मुख्य होती.

‘‘अगंबाई, तुम्ही? रांगेत कशाला? आत या ना.’’

‘‘नको. मी इथेच ठीक आहे.’’ बाईंनी नवऱ्याचं नाव आणि जन्मतारीख लिहिलेली चिठ्ठी जाळीखालून सरकवली. ‘‘यांची फाइल आहे का, ते सांग.’’

मुख्य बाईने नाव टाकलं. पडद्याकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि बाईंकडे न बघता म्हणाली, ‘‘असा कागद इथे नाही. एकदा घरी विचारून बघा.’’

सवयीने बोलली की मुद्दाम, देव जाणे. मागचा माणूस म्हणत होता, ‘‘झालं ना बाई? व्हा की बाजूला.’’ पण बाई जाळी धरून उभ्याच होत्या. एकतीस वर्षं हे वाक्य त्यांनी जाळीच्या आतून म्हटलं होतं. ज्याचं गुपित असे त्याचाच त्या विचार करत आल्या होत्या. ज्याच्यापासून ते लपवलं, तो माणूस खिडकीवरून कसा घरी जात असेल, हे एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आता त्यांना स्वतःचाच राग आला, आणि त्याहून जास्त नवऱ्याचा.

घरी येताना त्या शिंपिणीच्या दारात थांबल्या. ‘‘तुझा फोन जरा दे. ती यादी उघडून दे.’’

शिंपिणीने एरवी दहा प्रश्न विचारले असते. आज तिने मुकाट्याने यादी उघडली आणि फोन बाईंच्या हातात देऊन मान खाली घातली. म्हणजे हिलाही ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

बाईंनी फोन पालथा धरून वर आणला आणि घड्याळजीच्या टेबलावर चिमट्यांशेजारी ठेवला.

‘‘यात तुमचं नाव आहे. मी बघितलेलं नाही. खालपासून वरपर्यंत सगळ्या शहराने बघितलंय. आता तुम्ही सांगताय, का मी बघू?’’

घड्याळजीने डोळ्यावरचं भिंग काढलं. खिशातून डावा हात काढला आणि टेबलावर ठेवला. हात थरथरत होता. बोटांखालचा बारीक स्क्रू टेबलावर टकटक वाजायला लागला.

‘‘कंपवात आहे म्हणतात,’’ तो म्हणाला. ‘‘दोन वर्षं झाली. मंगळवारी ओपीडी असते. औषधाने आटोक्यात राहतो, जात नाही. बारीक घड्याळं आता जमत नाहीत मला.’’

‘‘आणि मला सांगू नये?’’ बाईंचा आवाज चढला. ‘‘परकी आहे मी? माझ्याच खिडकीवर जाऊन माझ्याच नावाचा शेरा मारून आलात!’’

‘‘तू तेव्हा नुकती सुटली होतीस त्या कामातून. जन्मभर लोकांची दुखणी पोटात ठेवलीस. म्हटलं, थोडे दिवस रिकामी राहू दे हिला. मग आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता राहूनच गेलं.’’

बाई रडल्या. संतापाने रडल्या, आणि हात दिसल्यामुळेही रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, ‘‘एवढंच?’’

‘‘एवढंच.’’

हा शब्द बाईंच्या चांगल्या ओळखीचा होता. त्यांच्यासमोर, खिडकीपाशी उभं राहून नवरे बायकांना आणि बायका नवऱ्यांना ‘एवढंच’ म्हणत, आणि आतल्या कपाटातली फाइल निराळंच सांगत असे. त्यांनी मान डोलावली. फोन उचलला.

‘‘देऊन येते तिचा.’’

जिना उतरायला चौदा पायऱ्या. सातव्या पायरीनंतर वळण होतं, तिथून वरचंही दार दिसत नसे आणि खालचंही. बाई तिथे थांबल्या. कुणी येत नाही ना, हे त्यांनी दोनदा पाहिलं. मग फोन सुलटा केला. बोटाने यादी वर सरकवत नेली. न्हावी गेला, मास्तर गेले, आणि नवऱ्याचं नाव आलं.

कंपवात. दुसरा मंगळवार. दोन गोळ्या. दुसरा रोग नव्हता, दुसरं काहीच नव्हतं. शेऱ्याच्या रकान्यात, बाईंनी शिकवलेल्या सरळ शब्दांत लिहिलं होतं: बायकोला सांगू नये. पेशंट स्वतः सांगणार आहेत.

बाईंनी फोन पदराने पुसला आणि शिंपिणीला नेऊन दिला. वर आल्या तेव्हा घड्याळजी टेबलापाशी तसाच बसला होता. एका बाईचं छोटं मनगटी घड्याळ त्याने किती तरी दिवसांनी पुढ्यात घेतलं होतं.

‘‘हे जरा घट्ट धर,’’ तो म्हणाला. ‘‘तू धरलंस तर उजव्या हाताने जमेल मला.’’

बाईंनी स्टूल ओढलं आणि घड्याळ दोन बोटांत धरलं.

‘‘वाटेत बघितलं नाहीस ना ते?’’

‘‘नाही,’’ कुलूपबाई म्हणाल्या.

‘‘मला ठाऊक होतं,’’ घड्याळजी म्हणाला, आणि भिंग डोळ्याला लावून खाली वाकला. ‘‘सगळं शहर बघेल. तू नाही बघायचीस.’’